लेखीबाई आणि दवाखान्याचा नकार

माझ्या आत्याला कोणी ‘नाही’ म्हटलं की तिच्या अंगात बळ संचारायचं. इतर बायका हिरमुसतात, भांडतात, नशिबाला बोल लावतात. आत्या पिशवीतून पेन काढायची आणि साखरेसारख्या आवाजात म्हणायची, “असं का भाऊसाहेब? मग नाही म्हणून लेखी द्या.” रॉकेलवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला, वीज तोडायला आलेल्या वायरमनला, एवढंच काय, माझ्या चुलतबहिणीच्या स्थळाकडून नकार घेऊन आलेल्या मध्यस्थालाही तिने हेच सुनावलं होतं. तो बिचारा चहा न पिताच पळाला. नाशिकमधली आमची अख्खी वस्ती तिला लेखीबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगते, मनातून आवडायचंही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सायखेड्याहून वडिलांनी मला पुढच्या शिक्षणासाठी तिच्याकडे धाडलं आणि तिने मला जी धरली ती धरलीच. अंगाने उंच, चाल अशी भरभर की तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे मला पळावं लागायचं. बोलणं शुद्ध, बाईंना शोभेलसं. पण एकदा का डोकं फिरलं की सगळी शुद्ध भाषा गुंडाळून ठेवायची आणि थेट सायखेड्याच्या बोलीवर यायची. ती ‘लय’ म्हणाली की आम्ही पोरं दाराबाहेर.

तिच्या पिशवीत कार्बन पेपर कायम. जे लिहायचं त्याची नक्कल ठेवायची. शेजारणी हसायच्या, “लेखीबाई भावजयीला पत्र लिहितात त्याचीसुद्धा नक्कल ठेवतात.” हसा खुशाल, पण ते खरंच होतं! एकदा आई म्हणाली, “मला कुठे पत्रात कळवलं होतं तुम्ही?” तर हिने ट्रंकेतून नक्कल काढून पुढ्यात ठेवली. आई दोन दिवस बोलली नाही. आत्याला त्यात आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता माहितीचा अधिकार आलाय. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट डकवा आणि सरकारी कागद मागा. माझे विद्यार्थी मोबाइलवरूनच अर्ज करतात आणि मला ऐटीत दाखवतात. अरे बाळांनो, मी सांगतेय ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा असला कुठलाही कायदा नव्हता. आमच्याकडे फक्त आत्या होती.

झालं असं, की दहावीआधी मला क्षय झाला होता. त्या काळी टीबी म्हटलं की शेजारच्या घराची खिडकी लागायची. एका सरकारी दवाखान्यात बरेच महिने सुया आणि मूठमूठ गोळ्या झाल्या आणि मी ठणठणीत बरी झाले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथेच मी जगले, त्याला कशाला नावं ठेवू? पुढे मॅट्रिक झाले आणि अध्यापक विद्यालयाच्या यादीत माझं नाव लागलं. मास्तरीण व्हायचं! मला दुसरं काही सुचतच नव्हतं. आत्याने वस्तीत पेढे वाटले. आणि मग प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीत छातीच्या फोटोत जुना डाग दिसला.

तिथले डॉक्टर वाईट नव्हते. म्हणाले, “डाग जुना आहे, पण उपचार पुरे झाले होते याचा दवाखान्याचा कागद आणा. सोमवारपर्यंत नाही आला तर जागा पुढच्या मुलीला जाईल.” मी रस्ताभर रडत आले. आत्याने ऐकलं, पदर खोचला आणि म्हणाली, “रडतेस काय? आपल्याला काम मिळालंय!” तिचे डोळे अक्षरशः चमकत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात. रेकॉर्डच्या खिडकीमागे एक क्लार्क, कानावर पेन्सिल, समोर चहा. त्याने मान वर न करता सांगितलं, “बाई, केसपेपर पेशंटला देत नसतात. सरकारी मालमत्ता आहे.”

“फुप्फुस हिचं आणि कागद सरकारचा?”

“नियम आहे.”

“मग नाही म्हणून लेखी द्या.”

“तोंडी सांगतोय की! लेखी कशाला?”

आत्याने तिथेच खिडकीच्या फळीवर कार्बन घालून अर्ज लिहिला. नकलेवर पोच म्हणून शिक्का मागितला. क्लार्क म्हणाला, शिक्क्याची शाई वाळलीय. अहो, हिने पिशवीतून शाळेच्या शिक्क्याची शाईची बाटली काढली आणि त्याच्या पॅडवर चांगली भरपूर ओतली! त्याचा चेहरा मला अजून दिसतो. शिक्का उमटला, पण उत्तर काही मिळेना. साहेब राउंडला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर रेकॉर्डची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. मी घाबरीघुबरी व्हायचे, आत्या आणखी खुलायची.

शनिवारी ती शाळेत रजा टाकून भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन निघाली. खिडकीसमोरच्या बाकावर मांडी घालून बसली. “भाऊसाहेब, तुमचं चालू द्या. आम्ही थांबतो.” जेवायच्या वेळी त्यालाही अर्धी भाकरी दिली. त्याने घेतली आणि ठेच्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या म्हणाली, “रडू नका, नुसतं लेखी द्या.” सगळी रांग खो खो हसली.

इथून खरी मजा सुरू झाली. घोटीकडचा एक म्हातारा शेजारी बसला होता. भाताच्या गिरणीत त्याचा पाय मोडला होता आणि घरी जातानाचं कार्ड त्याला मिळालं नव्हतं. त्याने विचारलं, “बाई, मला बी एक लिहून देता का?” आत्याने दिला लिहून. मग एक बाळंतीण आली, तिच्या मागे तिची सासू, मग पट्टी बांधलेला एक सायकलवाला. दुपारपर्यंत त्या बाकाचं पार कचेरीचं टेबल झालं. मी कार्बन लावतेय, आत्या लिहितेय, लोक अंगठे उठवतायत, आणि त्या छोट्याशा खिडकीतून अर्जांमागून अर्ज आत जातायत. “नाय म्हणत असतील तर म्हणू द्या,” आत्या मोठ्याने सांगत होती, “पण तोंडी नाय घ्यायचं कोणी! लय झालं तोंडी!” आली ना बोलीवर! मी ओळखलं, आता काहीतरी होणार.

गलका ऐकून मोठे डॉक्टर तरातरा बाहेर आले. “काय चाललंय हे? कोण या बाई?” क्लार्कने हात जोडून सगळं सांगितलं. डॉक्टर इतके वैतागले की ओरडलेच, “अहो, मग द्या ना त्यांना एकदाचं लेखी! नाही म्हणून द्या, सही मी करतो, पण हा बाजार उठवा!”

आता सरकारी कचेरीची एक रीत आहे. तिथे साधं ‘नाही’ लिहिता येत नाही. आधी विषय, मग संदर्भ, मग कोण, कुठली, कधी, कशासाठी, ही सगळी हकीगत सांगायची आणि अगदी शेवटी नाही म्हणायचं. त्या क्लार्कला नकार लिहायला म्हणून माझा केसपेपर शोधून काढावा लागला. किल्ली सापडली! धूळ झाडत कागद आला. त्याने खाली मान घालून, वळणदार अक्षरात नकार लिहिला. डॉक्टरांनी सही ठोकली, वर आमच्याच शाईचा शिक्का बसला. आम्ही कागद घेऊन बाहेर आलो.

पायऱ्यांवर आत्याने तो वाचला आणि मटकन खालीच बसली. मला वाटलं चक्कर आली. तिने कागद माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, “सदर मुलीने या रुग्णालयात क्षयरोगावर पूर्ण मुदतीचे उपचार घेतले असून, ती पूर्णतः रोगमुक्त झाल्याने तिला घरी सोडण्यात आले आहे. तथापि तिचे कागदपत्र ही शासकीय मालमत्ता असल्याने ते देता येत नाहीत.”

“सुमे,” आत्या म्हणाली, “अगं, नाही म्हणता म्हणता सगळं देऊन बसला की गं!” आणि पायरीवर बसून ती इतकी हसली, इतकी हसली, की आतून तो घोटीचा म्हातारा लंगडत बघायला आला. पुढे लोक म्हणायचे, लेखीबाईंनी डाव टाकला होता. छे! ती तो नकार घेऊन कलेक्टरकडे जाणार होती. असं काही होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, प्रत्येक वेळी तितक्याच आनंदाने.

सोमवारी विद्यालयात डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “बाई, हे तर नकारपत्र आहे.” आत्या म्हणाली, “वाचा की साहेब, मधलं वाचा.” त्यांनी वाचलं, चष्मा काढला, हसले आणि माझ्या अर्जावर सही केली. माझा प्रवेश झाला! मी तिथेच आत्याच्या गळ्यात पडले.

पण कागदाचं काम तिथे संपलं. त्याच आठवड्यात आम्ही ट्रंक घेऊन विद्यालयाच्या वसतिगृहात गेलो, तर आमच्याआधी माझ्या क्षयाची बातमी पोचलेली. खोलीतल्या तिघींनी आपल्या खाटा भिंतीकडे ओढून घेतल्या होत्या. भोजनगृहात स्टीलचे पेले एकावर एक रचलेले, सगळे एकसारखे, आणि एक पेला तेवढा बाजूला खिळ्याला अडकवलेला. स्वयंपाकाच्या मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, “हा हिचा. राग मानू नका, पोरी घाबरतात.”

आत्या त्या खिळ्याकडे बघत राहिली. गावच्या हॉटेलात बाहेरच्या वळचणीला आमच्या जातीच्या लोकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून ती लहानपणी चहा प्यायली होती. ते तिने मला एकदाच सांगितलं होतं, तेही फार थोडक्यात. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. पण तिने पेला काढला, सगळ्यांच्या माठात बुडवला, भरला आणि माझ्या हातात दिला. “पी.” मी कसाबसा अर्धा प्यायले. माझ्या हातातून तिने तो घेतला, माझे ओठ लागले होते तिथेच स्वतःचे ओठ लावले आणि उरलेलं पाणी सगळ्या मुलींच्या देखत घटाघटा पिऊन टाकलं. पदराने तोंड पुसलं. मग पेला विसळून तिने त्या रचलेल्या पेल्यांत सारला आणि दोन्ही हातांनी सगळे पेले एकमेकांत कालवून टाकले. त्या खणखणाटाने पलीकडच्या खोल्यांतल्या मुलीही धावत आल्या.

“घ्या,” आत्या म्हणाली, अगदी हळू आवाजात. “आता ओळखा हिचा कुठला ते.”

मग मनमाडची एक ठेंगणी मुलगी, तिचं नाव शकू, पुढे आली. तिने न बघता हाताला लागला तो पेला उचलला, माठातून भरला आणि माझ्याकडे बघत पिऊन टाकला.