पिंगळीजवळच्या गावात खाल्लेली बोलणी

परभणीकडे निघताना आईने विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "महिला मंडळ." आईने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

मनमाडला मोठी गाडी सोडून छोटी धरली. ही गाडी वाटेतल्या प्रत्येक गावाची विचारपूस करत जाते, त्यामुळे सकाळी पिंगळीला उतरेपर्यंत माझी झोप पुरती उडाली होती. शुद्ध मात्र नव्हती. शिकवायच्या तक्त्यांची गुंडाळी वरच्या फळीवर राहिली आणि नांदेडकडे निघून गेली. तिच्यात 'नेतृत्वाचे गुण' हा मी स्वतः रंगवलेला मोठा तक्ता होता.

"काय सामान होतं?" स्टेशनमास्तरांनी चौकशी केली.

"नेतृत्वाचे गुण."

"मग न्हाई परत यायचं," ते म्हणाले आणि हिरवा झेंडा गुंडाळू लागले.

स्टेशनबाहेर सुमन थांबली होती. सातवी शिकलेली, अंगाने किरकोळ, आणि पहिल्या भेटीतच माझी पिशवी ओढून घेणारी. गाव तिथून तासाभराच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची वेचणी चाललेली, मधूनमधून कोवळ्या करडईचे हिरवे पट्टे. दुष्काळ सरला होता, तरी सुमन विहीर दिसली की वाकून पाणी बघून घ्यायची. मग मीही बघू लागले.

आमच्या पुण्याच्या संस्थेचं काम साधं आहे. गावोगावच्या महिला मंडळांत आहार, बाळाची निगा, शिवण असं शिकवायचं, आणि मंडळातलीच एक बाई अशी तयार करायची की पुढे ती पगाराविना आणि आमच्याविना मंडळ चालवील. त्यासाठी जिंतूरला निवासी शिबिर भरणार होतं. या गावातून येण्याजोगी एकटी सुमनच होती. ती आली नाही तर इथलं मंडळ बंद करायचं, असं ठरलं होतं. तिला जमेल का, हे बघायला मला पाठवलं होतं.

"घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"मालक परभणीला जिनिंगमध्ये हायेत. ते म्हणतेत, आईला इचार."

"आणि आई?"

"आत्या (इकडे सासूला आत्या म्हणतात) काईच बोलंनात. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई." थोडं चालून ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला लय जायचंय, बाई."

"मग स्पष्ट विचार ना त्यांना."

"आत्याला? तोंडावर?" सुमन थांबलीच. मी गावाला आग लावायला सांगितली असती तरी ती इतकी दचकली नसती.

सासूबाई, म्हणजे धुरपताबाई, दारात उभ्या होत्या. "जयभीम, बाई. हात धुवा," म्हणून त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. "लेकरं किती तुमाला?"

"माझं लग्न नाही झालं."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी वाढली. सुमनचा छोटा मुलगा त्यांच्या पदराला धरून माझ्याकडे बघत होता. त्यानंतर घरात कुणी फारसं बोललं नाही. ठेचा इतका तिखट होता की मलाही बोलता आलं नसतं.

दुपारी विहारात मंडळ भरलं. धुरपताबाई स्वतःची विळी घेऊन आल्या आणि सगळ्यांत पुढे बसल्या. त्या दिवशीचा विषय होता करडईची भाजी. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, कारण चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर जातं. सुमनने हे बऱ्यापैकी सांगितलं, फक्त भिंतीला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेन घेऊन बसले होते. 'श्रोत्यांकडे बघत नाही,' असं मी टिपून ठेवलं.

धुरपताबाईंनी आख्खी जुडी मातीसकट उचलली आणि सरासर चिरायला घेतली. सगळ्या बायका सुमनकडे बघू लागल्या. सुमन विळीकडे बघत राहिली. संपलं, असं मला वाटलं. मंडळही आणि जिंतूरही.

तेवढ्यात सुमन गर्रकन माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी आधी चिरायलाव अन् मग धुवायलाव. तसं न्हाई करायचं!"

"मी?"

"तुमीच. किती डाव सांगायचं?"

धुरपताबाईंची विळी थांबली. त्यांनी दुसरी जुडी घेतली, आधी पाण्यात खळबळली आणि मग मला म्हणाल्या, "ऐका जरा, बाई. पोरगी सांगायलीय."

पुढे माझी धडगत नव्हती. पातेल्यावरचं झाकण मी काढून ठेवलं. भाजीचं पाणी मी ओतून द्यायला निघाले. मीठ मी मूठभर टाकलं. खुर्चीवरून न हलता मी स्वयंपाकाचा असा विचका केला की बायका हळहळल्या. "पुण्यात असंच शिजवतेत का?" एका म्हातारीने विचारलं. मला खरोखर राग आला होता. मग बघितलं, तर माझ्या नावाने ओरडा झाला की दर वेळी धुरपताबाईंचा हात सुधारत होता. सून सासूला शिकवू शकत नाही. पाहुण्या बाईला मात्र खुशाल झापता येतं. हे कळलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि मान खाली घालून बोलणी खाल्ली.

भाजी चांगली झाली. धुरपताबाईंनी ती भाकरीबरोबर खाल्ली आणि चांगली की वाईट, काहीच म्हणाल्या नाहीत. जिंतूरचंही नाव काढलं नाही.

सकाळी मी निघाले. सुमन आत भांडी घासत होती. धुरपताबाईंनी करडईची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमी जिंतूरला जावा."

"मी जाणारच आहे," मी म्हटलं.

"जावा. लेकराची काळजी करू नका. ते माझ्यापाशी ऱ्हाईल."

मला लेकरू नाही, हे त्यांना माहीत होतं. मी तोंड उघडणार, तोच आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"अन् मालकाला इचारीत बसू नका. त्याला मी सांगते."

"बरं, आत्या," मी म्हटलं.

स्टेशनापर्यंत सुमन माझी पिशवी घेऊन इतकी झपाझप पुढे चालली की मी धापा टाकत होते. तिने एकाही विहिरीत बघितलं नाही. गाडी आल्यावर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला रडू आलं, ते मी इंजिनाच्या धुरावर ढकललं.

शिबिराला सुमन आली. 'नेतृत्वाचे गुण' मी तिथे तोंडीच सांगितले. चुकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून स्पष्ट सांगावं, हा गुण तेवढा वगळला.

शिबिर आटोपून पुण्याला परतले तेव्हा शेजारच्या काकू आमच्याकडे बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या आमच्या मजल्यापलीकडे कित्येक वर्षं गेलेल्या नाहीत. आईने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्ही सारख्या गावोगाव हिंडता. मागे घरी कुणाला करमत नाही हो."

काकू गोंधळून माझ्याकडे बघू लागल्या.

"मलाही करमत नाही, आई," मी म्हटलं.