काटा नव्हताच

बाबांच्या घशात काटा अडकलाय, हे आमच्या डहाणूच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मासेमाराच्या घरात जेवताना कुणी ठसकलं की दुसरं काही सुचतच नाही. कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, म्हणजे काटा खाली जातो. बाबांनी असे कितीतरी गोळे गिळले आणि ते छातीत तटून बसले. घाम फुटेपर्यंत ते ओट्यावर येरझारा घालायचे, मग मोरीत जाऊन सगळं ओकून यायचे. शेजारी वर चेष्टा करायचे, जन्म दर्यावर काढला आणि बोय माशाच्या काट्यापुढे हरला म्हणून. मला त्या शेजाऱ्यांचा भयंकर राग यायचा.

मी वाणगावला दिलेली. दर खेपेला माहेरी जावं तर बाबांचा सदरा आणखी ढगळ झालेला असायचा. सकाळी उशीवर आंबट पाण्याचा डाग. बाजारात मासळी विकून आलेली आई त्यांच्या ताटातला मासा बोटांनी चाचपून काटा न् काटा काढायची, लहान मुलाला भरवताना काढतात तसा. बाबा मान खाली घालून बघत बसायचे.

मग पाणीही उतरेना, तेव्हा माझं डोकं फिरलं. पाण्याला कुठला काटा अडवतो? कॅन्सरचं नाव माझ्या मनात होतं, ते तोंडातून काढायची मला भीती वाटत होती. बाबांना जवळजवळ ओढतच वापीच्या दवाखान्यात नेलं.

दुर्बीण घातली, नाकातून नळी घालून आतला दाब मोजला. कॅन्सर नव्हता. काटाही नव्हता. डॉक्टरांनी समजावलं, अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं आणि ते एरवी आवळलेलंच असतं. आपण घास गिळला की मज्जातंतू त्याला सैल हो म्हणून कळवतात. बाबांचे हे कळवणारे तंतूच मरून गेले होते. म्हणजे इतके महिने आम्ही बंद दारावर भाताचे गोळे मारत होतो.

तंतू काही परत यायचे नाहीत, पण स्नायू कापून वाट मोकळी करता येईल, घास आपल्या वजनाने उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी एवढंच विचारलं, मासे खाता येतील का.

ऑपरेशन झालं. बरेच दिवस पेजेवर काढल्यावर ताटात पहिल्यांदा मासा आला. आईने सवयीने त्यांचं ताट पुढे ओढलं. बाबांनी तिचा हात धरला.

"राहू दे काटे. माझे मी काढतो."

त्यांनी घास सावकाश चावला, गिळला आणि जुन्या सवयीने उठून उभे राहिले. आई आणि मी हातातले घास हातातच धरून त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. घास उतरला का, हे विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.

मग ते खाली बसले आणि त्यांनी दुसरा घास घेतला. आई उठून मोरीत गेली आणि तिथे पोटभर रडली.