ट्यूबलाइटसाठी घेतलेला पदर

द्वारकाबाई जगदाळे खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेजारणीकडून नेलेली वाटीभर साखर त्या शिगोशीग परत करीत, आणि त्याच शेजारणीच्या सुनेनं केलेली भाजी खारट झाली असेल तर तिच्या तोंडावर खारट म्हणत. मल्हारगंजातली त्यांची आळी त्यांना थोडी वचकूनच असे. अशी ही बाई आयुष्यात दोनदा खोटं बोलली, आणि दोन्ही वेळा एकाच पदरावरून.

त्यांचे यजमान संताजीराव होळकर राज्याच्या लष्करी कचेरीत होते. राज्य गेलं आणि पाठोपाठ तेही गेले. मागे माडीवरच्या दोन खोल्या, द्वारकाबाई आणि मॅट्रिक झालेली प्रेमलता. पोरगी धिटाईची. टायपिंग शिकली, अर्ज केला आणि जहागिरदारांच्या जमिनींचे दावे बघणाऱ्या एका कचेरीत चिकटली. नवं राज्य होऊन राजधानी भोपाळला गेली होती. बरीचशी खाती तिकडे हलली, ही कचेरी तेवढी इंदूरला राहिली.

कचेरीत प्रेमलता एकटीच बाई. साहेबांना वाटलं, बरं दिसत नाही. त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात फळ्यांचं पार्टिशन घालून तिला वेगळं बसवलं. आतून पांढरा ऑइलपेंट दिला, आणि वर कौतुकानं नवीकोरी ट्यूबलाइट लावली. बाकीच्या हॉलमध्ये अजून जुने बल्ब हिरव्या टोप्यांखाली लोंबत होते. सगळे त्या कोपऱ्याला 'डबा' म्हणत.

डब्यातली ट्यूब उघडी होती, तिला ना टोपी ना काच. ती बरोबर प्रेमलताच्या कपाळावर होती. खालून टेबलाची काच चमके, बाजूंनी पांढऱ्या फळ्या चमकत. दुपारपर्यंत भुवईपासून मानेपर्यंत ठणका लागे आणि डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत एक पांढरी रेघ दिसत राही.

तिनं उपाय करून पाहिले. टेबलाच्या काचेवर खाकी कागद पसरला, तेव्हा खालची चमक गेली. टेबल फिरवायला जावं तर डब्यात जागा नाही. ट्यूब बंद केली तर अक्षर दिसेना. मग पुठ्ठ्याची झडप करून ती सुतळीनं ट्यूबखाली टांगली, तर तपासणीच्या आदल्या दिवशी दफ्तरीनं काढून टाकली. शेवटी ती हेडक्लार्क बाळकृष्णपंतांकडे गेली.

"पंत, तेवढी ट्यूब हातभर मागे सरकवून द्या ना."

"बाई, सरकारी फिटिंग आहे. सरकवायचं तर मंजुरी भोपाळहून यायला पाहिजे." पंतांनी तपकीर ओढली. "राजधानी गेली, फायली गेल्या, इथे राहिलो मी आणि तुमचा दिवा. दोघंही जागचे हलत नाही."

त्या दिवशी प्रेमलतानं पदर डोक्यावरून घेतला, कपाळापुढे चार बोटं ओढला आणि केसांत पिन खोचली. महेश्वरीचा काठ कडक. छज्ज्यासारखा उभा राहिला. कपाळावर सावली पडली आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

शेजारच्या टेबलावरचा हरी पार्टिशनवरून डोकावला. "क्या प्रेमलताजी, सासरे तपासणीला आले का?"

"सासरे नाही हरीभिया, डोक्यावर सूर्य आलाय. तुमच्यावर आला की तुम्ही पण घ्याल पदर."

घरी द्वारकाबाईंना पदरात बारीक भोकं दिसली. "चांगल्या महेश्वरीची चाळण केलीस की ग!" तेव्हा प्रेमलतानं सगळं करूनच दाखवलं. पंत झाली, हरी झाली, पदर ओढून घुंगटातली नवरी झाली. मायलेकी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणजे द्वारकाबाईंना ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्याच दिवसांत आक्कासाहेब काटकर आपल्या जमिनीच्या कागदांसाठी कचेरीत आल्या. जुन्या सरदार घराण्यातल्या. मोटारीला पडदे लावूनच बाहेर पडायच्या. पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये त्यांना बसवायचं कुठे? पंतांनी डब्यात खुर्ची टाकून दिली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत दुपार सरली, आणि ती सगळी दुपार आक्कासाहेब समोर बसून त्या पोरीकडे बघत होत्या. मान खाली, बोटं यंत्रावर, आणि पदर कपाळापर्यंत. त्यांनी निघताना पंतांना मुलीचं नाव-गाव विचारलं.

पुढच्याच आठवड्यात पडद्यांची मोटार मल्हारगंजच्या गल्लीत शिरली. आक्कासाहेबांबरोबर मुलगा उदयसिंह होता. महूच्या एका शाळेत शिकवायचा, रोज गाडीनं जाऊन-येऊन. सडपातळ, अबोल, डोळे चांगले. द्वारकाबाईंनी घाईघाईनं भुट्ट्याचा कीस केला. आक्कासाहेबांनी दोन घास खाल्ले आणि सरळच बोलल्या.

"द्वारकाबाई, आमच्यात बायका घराबाहेर पडत नाहीत. नोकरी करणारी मुलगी म्हटलं की मी पुढे ऐकतही नाही. पण तुमच्या लेकीला पाहिलं आणि थक्क झाले. चार पुरुषांत बसते, आणि डोक्यावरचा पदर ढळत नाही! शिकवण कोणाची?"

द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. ओठावर हसू आलं होतं, गोष्ट सांगायची एवढंच राहिलं होतं. पण तेवढ्यात त्यांची नजर उदयसिंहाकडे गेली. बाप नसलेली पोर, वय वाढत चाललेलं, आणि दारात चालून आलेलं असलं स्थळ.

"आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे," त्या म्हणाल्या.

मोटार गेली तशी प्रेमलता आतल्या खोलीतून बाहेर आली. उघड्या डोक्याची, कमरेवर हात.

"आई, काय बोललीस तू? मला तर हसू दाबता दाबता उचकी लागली."

"हसण्यावारी नको नेऊस. मुलगा कसा वाटला?"

प्रेमलता थोडी लाजली. "चांगला वाटला. चांगला वाटला म्हणून तर म्हणते, त्यांना खरं सांग. पदर ट्यूबलाइटसाठी होता. आणि मला नोकरी करायची आहे. दोन्ही सांग. मग नाही म्हणाले तर म्हणू देत, मी रडत बसणार नाही."

"अग, लग्न झाल्यावर सांगू. सगळे मिळून हसू."

"नंतर नाही, आधी. तू नाही गेलीस तर मी जाईन."

मुलीनं जायचं म्हणजे अनर्थच. द्वारकाबाई स्वतः निघाल्या. कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्यांपर्यंत चालता चालता त्यांनी वाक्य जुळवलं, 'आक्कासाहेब, एक गंमत सांगायची राहिली.' गंमत म्हणूनच सांगायची. पण काटकरांच्या घरी पोचल्या तर आक्कासाहेबांनी हाताला धरून वरची खोली दाखवायला नेलं. नव्या सुनेची खोली. खिडक्यांना नवे वाळ्याचे पडदे, भिंतींना ताजा रंग, कोपऱ्यात शिसवी आरसा. "माझ्या सासूनं मला दिला होता," आक्कासाहेब म्हणाल्या, "आता तिला." त्या इतक्या खुशीत होत्या की द्वारकाबाईंची गंमत घशातच राहिली. खाली येऊन चहा झाला, सुपारी झाली. जिना उतरताना, दारात, रस्त्यावर पाय ठेवताना त्या सांगणार होत्या. सांगितलं नाही.

घरी प्रेमलता दाराशीच उभी. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"दोन्ही?"

"दोन्ही. पदराचं ऐकून हसल्या त्या. खूप हसल्या. नोकरीचं म्हणाल्या, बघू."

प्रेमलतानं आईच्या गळ्यात हात टाकले. कचेरीत जाऊन तिनं राजीनामा दिला नाही, लग्नापुरती रजा टाकली. हरीला म्हणाली, "डब्यात कोणाला बसू देऊ नका भिया, मी परत येते आहे."

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलता न्हाऊन, ओले केस पाठीवर सोडून, उघड्या डोक्यानं चहाला खाली आली. आक्कासाहेबांनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "अग, माहेरी आहेस असं वाटलं का? पदर घे." प्रेमलतानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात कुठेच हसू नव्हतं. तिला कळलं. तिनं पदर घेतला.

माहेरपणाला आली तेव्हाही पदर डोक्यावरच होता. द्वारकाबाई म्हणाल्या, "इथे कशाला? इथे कोण आहे?"

"राहू दे. काढ-घाल करण्यात पिन हरवते."

एवढंच. भांडली असती, ताट सरकावलं असतं, तर द्वारकाबाईंनी पायसुद्धा धरले असते. पण तिनं जेवण केलं, आईच्या हातच्या आमटीला चांगलं म्हटलं आणि मोटारीत बसून गेली. रजा संपली. बाळकृष्णपंत माडीवर येऊन विचारू लागले, "मुलगी हजर केव्हा होणार? तिच्यासारखं शुद्ध टायपिंग दुसऱ्याला जमत नाही." काही दिवसांनी उदयसिंह तिचा राजीनामा घेऊन कचेरीत आला. पंतांनी तो वाचला आणि जावयाला चहा पाजला.

संसार वाईट झाला असं नाही. उदयसिंह भला होता, बायकोला पुस्तकं आणून द्यायचा. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नसे. दोन मुलं झाली. प्रेमलताचा आवाज हळू झाला. नक्कल करणं तर कधीच थांबलं. द्वारकाबाई तिला बघायला जात आणि परत आल्या की दिवसभर कोणाशी बोलत नसत. आळीला वाटे, बाई म्हातारी झाली, मऊ झाली. खारट भाजीला आता त्या खारट म्हणत नसत. कोणत्या तोंडानं म्हणणार?

अशी आठ-नऊ वर्षं गेली. आक्कासाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, द्वारकाबाई समाचाराला गेल्या. खोलीत वाळ्याचे पडदे सोडलेले. आक्कासाहेब काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या आणि पदर पार नाकापर्यंत ओढला होता.

"या विहीणबाई. हसू नका हं मला. उजेड सोसतच नाही. वरचा दिवा लावला की सुया टोचतात. पदर असा पुढे घेतला की बरं वाटतं."

"माझ्या प्रेमलताचंही तेच होतं," द्वारकाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"काय तेच?"

मग सगळंच आलं. डबा, ट्यूब, पुठ्ठा, भोपाळची मंजुरी, पिन. ज्या जिन्यावर त्या गप्प राहिल्या तो जिना. एवढ्या वर्षांत गोष्टीतली गंमत कधीच उडून गेली होती.

काळ्या चष्म्यामुळे आक्कासाहेबांचे डोळे दिसत नव्हते.

"तेव्हा सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी हो म्हटलं असतं की हाकलून दिलं असतं, आता मला तरी काय ठाऊक? मुलगी मला आवडली होती. पण मी हट्टीही होते. तुम्ही मला विचारलंच नाहीत. माझं उत्तरही तुम्हीच देऊन टाकलंत."

दारात पाऊल वाजलं. प्रेमलता डोळ्यांत घालायचं औषध घेऊन उभी होती. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. तिनं सासूचा चष्मा उतरवला, पापणी अलगद ओढून थेंब टाकले, कापसानं गाल टिपला. मग आईला म्हणाली, "चल, तुला खालपर्यंत सोडते."

जिन्याच्या वळणावर द्वारकाबाई थांबल्या. "प्रेमा, तुझी नोकरी माझ्यामुळे..."

"नोकरीचं नाही ग, आई." प्रेमलताच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "नोकरी त्यांनी कदाचित तशीही सोडायला लावली असती. पण तू घरी येऊन म्हणालीस ना, 'हसल्या त्या, खूप हसल्या.' मला वाटलं, ऐकून हसणारी बाई आहे, हिच्याजवळ निभेल. मी त्या हसण्याच्या भरवशावर ह्या घरात आले."

'मुलीच्या भल्यासाठी' हे शब्द इतकी वर्षं द्वारकाबाईंनी स्वतःशी घोकले होते, ते आता जिभेवर येईनात. दारापाशी त्या एवढंच म्हणाल्या, "दिवाळीत चार दिवस ये. मुलांना घेऊन. तुला हवं तेवढं झोप, हवं तसं राहा."

प्रेमलतानं त्यांच्या चपला सरळ करून पुढे ठेवल्या.

"विचारून सांगते," ती म्हणाली.

"विचार," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पायरी उतरल्या.