कोरीटचं भरीत आणि घायकुता मुकादम

बाळांनो, तुम्ही परदेशी निघालात त्याच्या आदल्या दिवशी आपल्या घरात भांडण पेटायची वेळ आली होती, हे तुम्हाला आठवत नसेल. दूर जाणाऱ्या लेकीने आत्याच्या हातचं जेवून निघायचं, ही आपल्याकडची रीत. माझी नणंद, म्हणजे तुमच्या आईची आत्या, कोरीट गावी तिच्या घरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजून भरीत करणार होती. आणि नेमकी त्याच सकाळी तुमच्या आईच्या कंपनीची सिस्टीम बिघडली. ती सुरू झाल्याशिवाय तिला उठता येईना.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता. मी चौकशी केली तेव्हा तिने समजावलं. त्यांचे प्रोग्राम कंटेनर नावाच्या डब्यांत चालतात. त्या सगळ्यांवर मुकादमासारखा एक मोठा प्रोग्राम असतो. बंद पडलेला डबा तो पुन्हा सुरू करतो. आज एक डबा सुरू होई, बंद पडे, पुन्हा सुरू होई. दोष कुठे, तेच कळेना.

तेवढ्यात फोन. "निंघनात का?" नणंद विचारत होती. नाही म्हटलं. जरा वेळाने पुन्हा फोन. "वांगा भाजाई गयात! तुन्ही आंडेर कॉम्प्युटरसंगे लगीन लाई बठनी का, वहिनी?" आंडेर म्हणजे लेक.

"आत्या, तू विचारलंस की मला स्क्रीनवरचं सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं गं!" तुमची आई ओरडली. मग एकदम हसायलाच लागली.

मुकादमाचंही तेच चाललं होतं. नव्या बदलांमुळे त्या डब्याला सुरू व्हायला वेळ लागू लागला होता. मुकादम मात्र जुन्या सवयीने लगेच विचारी, "जिवंत आहेस का?" उत्तर नाही आलं की मेला समजून त्याला बंद करी आणि पुन्हा सुरू करी. बिचारा डबा पुरता उठतच नव्हता. तिने विचारण्याआधी थांबायची मुदत वाढवली. डबा उभा राहिला तो राहिलाच.

कोरीटला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, भरीत गार झालं होतं. "आते खा गुमान," म्हणजे आता मुकाट खा, असं म्हणत नणंदेने तोंड फिरवूनच वाढलं. तेल मात्र तुमच्या आईच्या ताटात जास्त.

तुम्ही पुढे सुट्टीत आलात तेव्हा नणंद राहिली नव्हती.

मी लावलेला फोन तुमच्याकडे वाजत राहतो, कुणी उचलत नाही, तेव्हा माझं बोट पुन्हा बटणाकडे जातं. मी ते आवरते आणि चहाचं आधण ठेवते. तुमच्याकडे आत्ता कुठे उजाडत असेल.