समोरच्या काकांचं कुनमिंग

कुनमिंग नावाच्या चिनी गावावर गेल्या काही वर्षांत जेवढे म्हणून ढग आले, त्यांतला एकही आमच्या समोरच्या काकांच्या नजरेतून सुटलेला नाही. हे विधान मी शपथेवर करायला तयार आहे. काका राहतात न्यू जर्सीत, एडिसनला, माझ्या घराच्या अगदी समोर. कुनमिंग पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला. आणि यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत काकांनी त्या गावात पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. पण तिथे वारा सुटला की इथे काकांचा मफलर गळ्याभोवती एक वेढा जास्त घ्यायचा. कुनमिंगला गाव म्हणणं हा खरं तर अन्यायच, लाखो लोकांचं मोठं शहर आहे ते. पण काका मूळचे पुण्याचे, त्यांच्या लेखी पुण्याबाहेर सगळी गावंच. मी नागपूरचा असल्यामुळे या विषयावर मला मत नसतं.

आमची पहिली भेट झाली तीच मुळी बर्फात. मी नुकतं ते घर घेतलं होतं. जानेवारीतली सकाळ, रात्रभर बर्फ पडून गाडी म्हणजे एक पांढरं गाठोडं झालेली, आणि मी फावडं घेऊन दारात उभा राहून विदर्भातल्या उन्हाळ्याची आठवण काढत होतो. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक सत्तरीचे गृहस्थ बाहेर आले. डोक्यावर गवती हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकाला उन्हाचं मलम चोपडलेलं, गोव्याच्या किनाऱ्यावर निघालेला माणूस जसा दिसेल तसे. आणि ते शांतपणे बर्फ उपसू लागले.

"काका, हे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिकडे आज कडक ऊन होतं," ते म्हणाले.

"तिकडे म्हणजे?"

"कुनमिंगला. कळसूबाई चढलायस कधी?"

"नाही. मी नागपूरचा."

"वाटलंच. कळसूबाईच्या शिखरावर उभा राहिलास ना, तरी मान वर करून बघावं लागेल इतक्या उंचीवर ते अख्खं शहर बसलंय. दुकानं, बस, शाळा, सगळं. तिथलं ऊन लुच्चं असतं. हवा गार, म्हणून माणूस बेसावध, आणि संध्याकाळी बघावं तर कानाची पाळी भाजलेली."

एवढं बोलून त्यांनी मला स्वतःची मलमाची ट्यूब दिली. आणि सांगायला लाज वाटते, पण मी ती लावली. गुडघाभर बर्फात, ढगाळ आभाळाखाली, मी नाकाला उन्हाचं मलम लावलं. काकांच्या बोलण्यात तेवढी ताकद होती.

पुढे हे व्याख्यान मला बारा महिने ऐकायला मिळालं आणि एकदाही त्याचा कंटाळा आला नाही. पुण्याचे निवृत्त केमिकल इंजिनिअर, आवाज कुकरच्या शिटीसारखा, पण कुनमिंगच्या आभाळाचा विषय निघाला की तो आवाज देवळात बोलल्यासारखा व्हायचा. थंडीच्या तोंडाला सैबेरियातून हजारो पांढरे पक्षी निघतात आणि शहराच्या मध्यावरच्या तळ्यावर उतरतात. ऑफिसला निघालेली माणसं थांबून त्यांना पाव भरवतात. बाकी दुनिया गारठलेली असताना तिथे कॅमेलियाची फुलं येतात, आपल्या तळहाताएवढी. मग चेरी फुलते. मग वैशाखाच्या सुमाराला रस्त्यांच्या दोन्ही बाजूंची झाडं अशी जांभळी होतात की खालून जाणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची डोकीसुद्धा जांभळी दिसतात. त्यानंतर पाऊस, आणि पावसाबरोबर डोंगरातून टोपल्याच्या टोपल्या रानातले मश्रूम. "त्यातला एक नीट शिजवला नाही ना," काका आवाज आणखी खाली आणून सांगत, "तर माणसाला बोटभर उंचीची माणसं दिसायला लागतात. ताटातून चालत जाताना. खोटं नाही सांगत." ओक ट्री रोडवरच्या भाजीच्या दुकानात काकांनी हे एका गुजराती बाईंना सांगितलं. त्यांनी हातातला मश्रूमचा डबा जागेवर ठेवला आणि दुधी घेतला.

उन्हाळा नाही आणि हिवाळा नाही असं ते गाव. सतत कुठली तरी गोष्ट फुलत असलेली. मी जन्मलो तिथे मे महिन्यात कावळे पंख्याखाली येऊन बसत, आणि हल्ली राहतो तिथे फेब्रुवारीत नाकातला केसही गोठतो. माझ्यासारख्या माणसाला हे सगळं स्वर्गाच्या माहितीपत्रकासारखं वाटायचं. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहायचो आणि माझी बायको आतून ओरडायची, "अहो, ते चीनमध्ये आहेत, तुम्ही तरी जेवायला या!"

या विद्वत्तेचे चटके इतरांनाही बसत. आमच्या मंडळाची वसंत पिकनिक एप्रिलमध्ये असते. एका वर्षी तारीख ठरवताना सगळे फोनमध्ये डोकी घालून बसले होते, तेव्हा काका सहज म्हणाले, "शनिवार ठेवा. स्वच्छ ऊन. ढगाचा एक तुकडा नाही." इतक्या अधिकारवाणीने सांगितल्यावर कोण तपासणार? शनिवारी पार्कमध्ये असा पाऊस कोसळला की मिसळीच्या पातेल्यात रस्सा किती आणि पाणी किती हे ओळखू येईना. अध्यक्षीणबाई साडीचा पदर पिळत काकांसमोर उभ्या राहिल्या. "काका, तुम्ही ऊन म्हणाला होतात!"

"दिवसभर पडलं होतं की," काका फोन दाखवत म्हणाले. "लखलखीत."

"अहो, पिकनिक इकडे आहे!"

"ते तुम्ही विचारलंच नाहीत," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता की बाईंनी त्यांना स्वतःची छत्री दिली.

आता हे वेड कुठून आलं ते सांगतो. काकांना एकच मुलगी, अदिती. एडिसनमध्ये जन्मलेली, हुशार, वडिलांचा शब्द न् शब्द झेलणारी. तिला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा काकांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते म्हणे. आणि दुसऱ्याच वर्षी ती मेडिकल सोडून झाडांचा अभ्यास करायला कुनमिंगला निघून गेली. काका तेव्हा काय बोलले हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, तेही अर्धंच. "तोंडाला येईल ते बोलले. ती पण कमी नाही." पुढे तिने तिथल्याच एका झाडवेड्या मुलाशी लग्न केलं. लग्नाला काकू जाऊन आल्या, काका गेले नाहीत. पण दर शनिवारी सकाळी तिचा फोन यायचा. तिकडे संध्याकाळ असायची. दोघांनाही मागचा विषय काढायचा नव्हता, पुढचा सुचत नव्हता. मग काका विचारायचे, "हवा कशी आहे?" आणि ती सांगायची. सविस्तर, मन लावून, इंग्रजीत. वाऱ्याची दिशा, तळ्यावरचं धुकं, कुठल्या गल्लीत काय फुललंय. काका उलटप्रश्न विचारायचे, आणि पुढच्या शनिवारी आणखी चांगले प्रश्न विचारता यावेत म्हणून आठवडाभर अभ्यास करायचे. त्या दोघांना बोलायला आभाळाएवढीच जागा उरली होती. ती त्यांनी काठोकाठ वापरली.

मग काका जात का नव्हते? तर हवा! काकूंच्या स्वयंपाकघरात बसून हा संवाद मी कितीदा ऐकलाय.

"जानेवारीत जाऊ या?"

"तिथे घरांना हीटर नसतात. बाहेर ऊन नि आत गारठा."

"मार्च?"

"वारा असतो. धूळ."

"मे?"

"पाऊस सुरू होतो."

"ऑक्टोबर?"

"पाऊस संपत असतो. संपता पाऊस वाईट."

काकू माझ्याकडे वळायच्या. "बघ रे बाबा. अख्खी दुनिया ज्या गावाला नेहमीच वसंत म्हणते, त्या गावाचे बाराही महिने आमच्या ह्यांनी नापास केलेत."

यंदा वसंतात बातमी आली की अदितीला दिवस गेलेत, ऑगस्टमध्ये मूल होणार. काकूंनी जूनमध्ये निघायची तयारी केली. काकांनी आठवडाभर कुनमिंगचं नावच काढलं नाही. हे भयंकर होतं. मी मुद्दाम म्हणालो, "काका, तिकडे जांभळी झाडं फुलली असतील." "असतील," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांना ड्राइव्हवेतच गाठलं. "काका, खरं सांगा. का नाही जायचं?"

बराच वेळ ते गवतावर पाणी मारत राहिले. मग म्हणाले, "तू तुझ्या आईला इथे कधी बोलावतोस?"

"मेमध्ये. ऑक्टोबरात परत पाठवतो. थंडीच्या आत."

"मीही माझ्या आईला तसंच बोलावायचो. इथे सगळेच तसं करतात. का? कारण आपल्याला त्यांची काळजी असते. आधी हवा बघतो, महिना ठरवतो, मग तिकीट. आणि ही? ही इतकी वर्षं म्हणते, एनी टाइम, बाबा. कधीही या. कधीही या असं आपण कोणाला म्हणतो? जो नाही आला तरी चालेल त्याला." नळी तशीच वाहत होती, माझ्या बुटांवर. "स्वतःच्या आईला एकदा तरी महिना सांगितला असता तिने, तरी मी समजलो असतो."

पृथ्वीच्या त्या तुकड्यावर वर्षभर काय होतं हे ज्याला पाठ आहे, तो माणूस इतकी वर्षं फक्त एका महिन्याचं नाव ऐकायला थांबला होता. आणि त्या गावाला महिन्यांचं महत्त्वच नाही! तिथे कुठलाही महिना चालतो, म्हणून ती पोरगी खरंच, अगदी सरळ मनाने, कधीही या म्हणत होती.

काकांनी सांगितलं नसतं तर मी काहीही केलं नसतं. पण सांगितलं, आणि माझ्या अंगात आगाऊपणा उपजतच आहे. काकूंकडून नंबर घेतला आणि घरी जाऊन अदितीला हे सगळं मेसेजमध्ये कळवलं. तिने लगेच फोन केला. ती मलाही काकाच म्हणते. "काका, आर यू सीरियस? बट इट्स नाइस ऑल इयर! मी काय सांगणार होते?"

"काहीही सांग. पण महिना सांग."

"पण ऑगस्टमध्ये तर रोज पाऊस असतो. ही विल हेट इट."

"तोच सांग," मी म्हटलं.

शनिवारी मी साखर मागायच्या निमित्ताने समोर जाऊन बसलो. फोन स्पीकरवर होता. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "हवा कशी आहे?"

"क्लाउडी. बाबा, लिसन." आणि मोडक्या, घाईच्या मराठीत ती म्हणाली, "तुम्ही ऑगस्टमध्ये या. आईबरोबर जूनमध्ये नको, तेव्हा मला काम आहे. ऑगस्टमध्ये या. पाऊस आहे, थंड आहे, स्वेटर आणा. तेव्हाच पाहिजे मला."

काकूंनी पदर तोंडाशी धरला. मग काका खाकरले. "ऑगस्टमध्ये आर्द्रता फार असते," ते म्हणाले.

"आय नो, बाबा."

"घरात कपडे वाळत नाहीत."

"आय नो."

"मग लंगोट जास्त लागतील," काका म्हणाले, आणि उठून आत गेले. बाथरूमचा नळ खूप वेळ चालू होता.

काकू जूनमध्ये पुढे गेल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला मीच काकांना विमानतळावर सोडलं. एका बॅगेत पंचवीस लंगोट, स्वतः शिवून घेतलेले, मऊ जुन्या धोतराचे. दुसऱ्या बॅगेत छत्री, रेनकोट, हॅट, मलम, कानटोपी. "सकाळी एक ऋतू असतो, दुपारी दुसरा," सुरक्षा तपासणीच्या रांगेत ते मला समजावत होते. "पाऊस पडला की तासाभरात थंडी. आकाशाकडे लक्ष ठेवावं लागतं." आत जाताना मागे वळून ओरडले, "तुला रोज कळवतो हवा!"

त्यांनी कळवली नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. काकूंकडून मुलगी झाल्याचं कळलं, बस. मग मीच एका शनिवारी सकाळी फोन लावला.

"काका, अभिनंदन! हवा कशी आहे?"

"हवा?" त्यांनी असं विचारलं की जणू मी एखाद्या विसरलेल्या नातेवाइकाची चौकशी केली होती. "अरे, पडदे लावलेत. उजेडाने जागी होते ती. थांब, बघतो." मग पावलांचा आवाज, मग एकदम कुजबूज, "शू शू, नाही नाही, आजोबा आहेत ना," आणि मला ते साफ विसरले.

मी इकडे माझ्या ड्राइव्हवेत उभा होतो. एडिसनचा ऑगस्ट अंगाला चिकटत होता, समोरच्या घराचे पडदे ओढलेले होते आणि गवत भलतंच वाढलं होतं. कितीतरी दिवसांत मला कोणी सांगितलं नव्हतं की तळ्यावर धुकं आहे का, मश्रूमवाल्या बायका बाजारात आल्या का. मी फोनवर कुनमिंगचं हवामान उघडलं.

"काका," मी म्हणालो, "तुमच्याकडे सकाळपासून पाऊस पडतोय."

"हो का?" ते अगदी हळू म्हणाले. "पडू दे."

मागून अदितीचा आवाज आला. "बाबा, गिव्ह हर टू मी. इट्स माय टर्न."

"आत्ताच डोळा लागलाय. तुझ्याकडे दिली की उठेल."

"यू सेड दॅट अ‍ॅन अवर अगो!"

"मग बरोबरच सांगितलं होतं."

काकू मध्ये पडल्या, जावई हसला, बाळ रडायला लागलं आणि दोघं बापलेक ते कोणामुळे उठलं यावरून तावातावाने भांडायला लागले. माझी कोणालाच आठवण नव्हती. फोन ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. उन्हात उभा राहून, ते भांडण मी शेवटपर्यंत ऐकलं.