फेटे बांधणाऱ्याचा हात

"ह्याचा हात नवरदेवाच्या डोक्याला लागू देऊ नका. बायकांचा रोग झालाय त्याला."

पिंपळीच्या मांडवात यजमान दादासाहेब हे मोठ्यानं बोलले. माझ्या हातात फेट्याचं टोक, समोर खुर्चीत नवरदेव आणि व्हिडिओवाल्याचा दिवा थेट माझ्या तोंडावर. मागून कुणीतरी ओरडलं, "साडी नेसवा की मग!" मांडव हसला. मीही हसलो. सवयच ती.

दादासाहेब म्हणजे नजर जाईल तिथवर ऊस. आमचा बाप त्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचा. म्हणून मी चाळिशी ओलांडली तरी त्यांच्या तोंडी "ए मेंढक्या" हेच.

रोगाची बातमी त्यांना कुणी दिली? मीच. छातीत कॅन्सरची गाठ निघाली, पुण्यात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. पुरुषालाही हे होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मात्र आमच्या गावी कळसला येऊन चहाच्या टपरीवर जाहीर केलं, "आता मला हळदीकुंकवाला बोलवा रं!" लोकांनी हसायच्या आत आपणच हसवावं, ही माझी चतुराई. तो विनोद माझ्याआधी पिंपळीला पोचला.

काखेतल्या गाठी काढल्यामुळं काही महिन्यांनी त्या बाजूचा, उजवा हात सुजला. दवाखान्यातल्या सिस्टरनं पट्ट्या दिल्या. बोटांपाशी घट्ट, वर जाताना सैल, दिवसभर बांधून ठेवायच्या. मी म्हणालो, "बाई, मला काय शिकवता? सगळ्या पंचक्रोशीचे नवरदेव मी सजवलेत." पुढच्या खेपेला ऐटीत हात पुढं केला. फेट्यासारखा पीळ दिलेला, दंडाशी आवळलेला. बोटांची वांगी झालेली. सिस्टर म्हणाली, "हाताचं लग्न लावलंय का? सोडा ते. पीळ नको. सपाट." सोडलं तर हातावर उसाच्या सऱ्या पाडल्यासारखे वळ.

मग नीट शिकलो. सूज उतरली. आणि पिंपळीच्या ह्या लग्नाच्या सकाळी, लोक बघतील म्हणून, पट्टी सोडून पिशवीत कोंबली.

"आवो, हात पुन्हा चढंल," बायको म्हणाली.

"एका दिसानं काय होतंय?"

तर मांडवातलं हसणं ओसरल्यावर दादासाहेब म्हणाले, "जा, मागं आचाऱ्याच्या चुलीपाशी बस. पाहुण्यांचं फेटं तितं बांध. चाळीस हायत."

आणि मी गेलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो. चुलीच्या धगीत बसून गुडघ्यावर एकेक फेटा बांधत राहिलो. ओढ, आवळ, ओढ. बाराव्याला बोटं वळेनात. मनगट कुठं संपतं ते कळेना. अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

आचारी बघत होता. "तात्या, तुमचा हात माझ्या पुऱ्यांपरीस फुगलाय."

मला उत्तर सुचलं होतं. झकास होतं. तोंडातून निघालं नाही. माझा हात ह्या लोकांना नको होता, त्याचं काम तेवढं हवं होतं. आणि तो लपवायला मी सकाळपासून त्यांना मदत करत होतो. हात माझाच जळत होता.

उठलो. पिशवी घेतली. मांडवात जाऊन पुढच्या रांगेत बसलो. सदरा काढला. छातीवरचा व्रण सगळ्यांना दिसला. दिसू दे. बोटांपासून पट्टी बांधायला लागलो. सपाट. घाई नाही. व्हिडिओचा दिवा फिरून माझ्यावर आला.

"ए, मागं जाऊन कर ते," दादासाहेब म्हणाले.

"न्हाय. हितंच."

"आन् फेटं?"

"अकरा झालं. बाकीचं तुमी बांधा."

"लई माज आला का रं?"

"माज न्हाय, दादासाहेब. सूज हाय. रोग मला झालाय, कुणाचा चोरून आणला न्हाय."

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. पट्टी दंडापर्यंत नेली, सदरा खांद्यावर टाकला आणि समोरच्या कमानीतून बाहेर पडलो.

हात काही पहिल्या मापाला आला नाही. तेवढ्या सकाळच्या लाजेनं तो कायमचा जाड करून ठेवला. चूक माझी, मी ती वागवतो.

पण बोलावणं अजून येतं. मी निरोप्याला एकच सांगतो. फेटा बांधीन तो मांडवात, सगळ्यांसमोर, पट्टी बांधलेल्या हातानं. चालत नसेल तर नवरदेव बोडका उभा राहू दे.