आधी थोरल्या जावेची तपासणी

“हिला भ्या वाटतंय. आदी माजं बघा,” म्हणत सुमनताई टेबलावर चढल्यासुद्धा.

मानकोलीच्या या दोघी जावा. तपासणी खरं तर धाकट्या रेखाची होती. संबंधानंतर तिला रक्त जायचं, म्हणून गावच्या आशा सेविकेने तिला भिवंडीतल्या आमच्या ओपीडीत पाठवलं होतं. आत येईपर्यंत तिचं धैर्य संपलं. थोरल्या नुसत्या सोबतीला आल्या होत्या.

“तुम्हाला काही त्रास?” मी विचारलं.

“मना काय बी न्हाय. दुकतंय का तेवढं बघते, मंग हिला चढवते.”

बाहेर ही रांग. मी जरा वैतागलेच. पण तिशी उलटलेल्या बाईची गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची ही तपासणी तशीही करायचीच असते.

तपासणी अगदी साधी. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपलं व्हिनेगरच, कापसाने लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडू लागलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात.

सुमनताईंच्या तपासणीत पांढरा डाग उमटला. कडा स्पष्ट. इतकी वर्षं हे काम करतेय, तरी अंगावर काटा आला. जे त्या बाईच्या शरीराने तिला सांगितलं नव्हतं, ते चायनीजच्या गाडीवर असतं तसल्या व्हिनेगरने मला सांगितलं!

“न्हाय दुकलं गं!” त्यांनी पडद्यापलीकडे हाक दिली. “ये तू.”

रेखा आली. सगळ्या तपासण्या केल्या, तिला साधं इन्फेक्शन निघालं. गोळ्यांनी बरं होणारं.

मग सुमनताईंना समोर बसवून डागाचं सांगितलं.

“म्हंजे कॅन्सर हाय?”

“तसं वाटत नाही. तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.”

रिपोर्ट आला. कॅन्सरच्या आधीची पायरी. मग थर्मल ॲब्लेशन केलं, म्हणजे गरम प्रोबने तेवढाच भाग जाळून टाकला. टाके नाहीत, ॲडमिट होणं नाही. पोटात कळ आली तेव्हा त्यांनी रेखाचा हात गच्च धरला होता.

वर्षाने पुन्हा व्हिनेगर लावलं. मी श्वास रोखून बघत राहिले. सगळं गुलाबी. बाईच्या जिवावरचं संकट एवढ्याशा उपायाने टळलं होतं. माझेच डोळे भरून आले.

“मी भ्याले म्हून ताई वाचली,” रेखा म्हणाली.

खरं होतं. पण भित्री जाऊ प्रत्येकीच्या नशिबी नसते. तेव्हा तिशी उलटली की काही होत नसतानाच या.